जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार की संहार?

'जीर्णोद्धार' हा शब्द आमच्या वाचकांस परका नाही. ज्या समाजाने देवळाच्या जीर्णोद्धारासाठी पिढ्यान्‌पिढ्या पै-पै जमविली, त्याला या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याचे धाडस कोणी करू नये. जे जीर्ण झाले त्याचा उद्धार, म्हणजे त्याला हात देऊन वर उचलणे. जीर्णाला फेकून देऊन त्याच्या जागी भलतेच काही उभे करणे याला कोणत्याही काळी जीर्णोद्धार म्हटलेले नाही. हा भेद ज्याला कळतो त्याला या लेखाचा निम्मा भाग आधीच कळला आहे असे समजावे. उरलेला निम्मा भाग एका अशा धंद्याविषयी आहे, की ज्याने हा शब्द आपल्या पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगविला आणि त्याचा अर्थ मात्र पाटीमागे पुरून टाकला. तो धंदा म्हणजे जुन्या मोटारी दुरुस्त करून, सजवून, नटवून देणाऱ्या खास कारखान्यांचा.

प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. या धंद्यात तेलाने हात माखून निष्ठेने काम करणारी माणसे आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींजवळ बसून चार गोष्टी शिकाव्यात अशी त्यांची योग्यता आहे. माझा वाद त्यांच्याशी नाही. माझा वाद एका खोट्या शब्दाशी, त्या शब्दावर चालणाऱ्या व्यापाराशी, आणि तो व्यापार पोसणाऱ्या आपल्यासारख्या गिऱ्हाइकांशी आहे. 'आपल्यासारख्या' म्हणताना मी स्वतःला वगळीत नाही. तसा अधिकार मला उरलेला नाही. तो का उरला नाही ते आधी सांगतो.

माझे वडील, ज्यांना घरीदारी सारे अण्णा म्हणत, ते बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात डॉक्टर होते. १९६३ साली त्यांनी एका व्यापाऱ्याकडून १९५८ सालच्या बांधणीची फियाट ११०० विकत घेतली. तिच्या आकारावरून लोक त्या गाडीला 'डुक्कर फियाट' म्हणत; अण्णांना ते नाव मुळीच आवडत नसे. रंग पिस्त्यासारखा फिकट हिरवा. पुढच्या दरवाजांच्या बिजागऱ्या मधल्या खांबाला, त्यामुळे ते उलटे उघडत. आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. पावसाळ्यात जांबोटीकडच्या खेड्यांतून कित्येक अडलेल्या बाळंतिणींना या गाडीने तालुक्याच्या गावी आणले. मागच्या बैठकीवर टिंक्चर आयोडीनचा एक तपकिरी डाग होता; तो कोणत्या रात्रीचा हे आई अचूक सांगत असे. चालकाच्या दरवाजाच्या वरच्या कडेचा रंग अण्णांच्या कोपराने झिजून खालचा पत्रा दिसू लागला होता. स्टिअरिंगच्या चाकाला दोन ठिकाणी तडे गेले होते, आणि त्यांवर अण्णांनी स्वतः बारीक सुतळी गुंडाळून व्हार्निश लावले होते.

अण्णा गेल्यावर गाडी वीस वर्षे पडवीत उभी राहिली. पाच वर्षांपूर्वी आम्ही भावंडांनी पैसे जमवून ती अशाच एका नावाजलेल्या कारखान्यात धाडली. मालकाने अदबीने विचारले, "काय काय करायचं, साहेब?" मी उत्तर दिले, "नव्यासारखी करून द्या." हे तीन शब्द उच्चारताना आपण कसल्या हुकुमावर सही करीत आहोत याची मला कल्पना नव्हती.

अकरा महिन्यांनी गाडी परत आली. रंग चमचमणारा लाल. खाली रुंद टायर आणि मिश्रधातूची चाके. आत एका अर्वाचीन छोट्या मोटारीचे इंजिन, गिअरचा दांडा जमिनीतून वर आलेला, बैठकींना लाल शिवणीचे काळे आच्छादन, आणि जुन्या गोल घड्याळांच्या जागी आकडे लुकलुकविणारी काचेची पाटी. शेजारीपाजारी जमले, वाहवा झाली. माझी थोरली बहीण मात्र गाडीभोवती एक फेरी मारून गप्प उभी राहिली आणि मग हळूच म्हणाली, "छान आहे रे. पण ही कुणाची?"

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात जाऊन जुने चाक, जुनी बैठक आणि जुने इंजिन परत मागितले. मालकाला माझ्या मागणीचे नवल वाटले. ते सारे केव्हाच वजनावर भंगारात गेले होते. त्याने मला फसविले असे मी म्हणू शकत नाही. मी जे मागितले तेच त्याने दिले. फसविले ते आम्हा दोघांनाही एका शब्दाने.

म्हणून त्या शब्दाची फोड करणे भाग आहे. जुन्या मोटारीवर चार प्रकारची कामे होऊ शकतात. पहिले जतन: आहे ते आहे तसे टिकविणे, गंज थांबविणे, कोरड्या पडलेल्या रबराला व कातड्याला जीव देणे. दुसरे दुरुस्ती: मोडले असेल तेवढेच नीट करणे. तिसरे जीर्णोद्धार: नष्ट झालेला भाग पुराव्याच्या आधारे पूर्वी होता तसा पुन्हा घडविणे. आणि चौथे रूपांतर: मालकाच्या हौसेप्रमाणे गाडीला नवे रूप, नवे यंत्र, नवी चाल देणे. ही चारही कामे उघडपणे करता येतात. परंतु चौथे काम करून त्याला तिसऱ्याचे नाव देणे ही शुद्ध लबाडी आहे. आपल्याकडील पाट्या वाचा, जाहिराती वाचा. रूपांतराला 'रूपांतर' म्हणणारा कारखाना विरळा. सारेच 'गतवैभव परत मिळवून' देतात! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण जणू या धंद्यासाठीच जन्माला आली.

हा भेद केवळ माझ्या मनाचा खेळ नाही. जुन्या वाहनांचा 'फिवा' नावाचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९६६ पासून काम करीत आहे. त्याने २०१२ साली 'ट्यूरिन सनद' मान्य केली. तिचे सार असे, की जुने वाहन हा इतिहासाचा पुरावा आहे. त्यावर कमीत कमी हात चालवावा, केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवावी, आणि नव्याने बसविलेले भाग नंतरच्या माणसाला ओळखता यावेत अशी टिकाऊ खूण त्यांवर असावी. आपल्या सरकारनेही जुलै २०२१ मध्ये जुन्या मोटारींसाठी निराळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटून गेलेली, मूळ स्वरूपात राखलेली, आणि जिच्या सांगाड्यात, शरीरात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही, अशीच गाडी त्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. तिला 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते, नोंदणी दहा वर्षे चालते, शुल्क २०,००० रुपये पडते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारांस मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कडक अर्थ लावला आहे. आता माझ्या गाडीकडे पाहा. नोंदणी-पुस्तकात इंजिनाचा क्रमांक एक, गाडीत दुसरा. रंग पुस्तकात हिरवा, गाडीचा लाल. लाखो रुपये ओतून मी एक सन्मान्य वृद्धा घरी आणण्याऐवजी एक बिनकागदी तोतया घरी आणला!

असे का होते? कारागिरांच्या अंगी कला नाही म्हणून काय? मुळीच नाही. याचे कारण हिशेबाच्या वहीत आहे. फियाट ११०० या गाडीला निराळा सांगाडा नसतो. तिचे पत्र्याचे शरीर हाच तिचा सांगाडा. खालच्या उंबऱ्याच्या पोकळीत आणि फरशीच्या सांध्यांत पाणी साचून ती आतून कुजते, आणि कोकणच्या खाऱ्या, ओल्या हवेत तर विशेष लवकर. अशा ठिकाणी खरे काम करायचे तर कुजलेला पत्रा निरोगी धातूपर्यंत कापावा लागतो, तेवढ्याच जाडीच्या नव्या पत्र्याचा तुकडा हातोडी आणि डॉलीने आकारास आणावा लागतो, कडेला कड भिडवून झाळावा लागतो, आणि मग तो सांधा बोटाला लागणार नाही इतका ठोकून सपाट करावा लागतो. एका उंबऱ्याला एका निष्णात मिस्त्रीचे कित्येक दिवस जातात. खोटे काम करायचे तर कुजलेल्या भागावर काचतंतूंची चकती चिकटवून वर लांबी भरली, घासली आणि रंग मारला की संध्याकाळी गाडी तयार. रंगाखाली दोन्ही सारखीच दिसतात. गिऱ्हाईक रंग पाहते आणि रंगाचे पैसे मोजते. आतली ओल कोंडली जाऊन दोन-तीन पावसाळ्यांत फोड वर येतात, तोवर हिशेब मिटलेला असतो. ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने कपड्यात गुंडाळलेले एक लोहचुंबक खिशात ठेवावे. पत्र्याला ते चिकटेल. लांबीच्या जाड थरावरून घसरून पडेल. या दोन आण्यांच्या साधनाची भीती मोठमोठ्या चकचकीत कारखान्यांना वाटते, हे मी स्वतः पाहिले आहे.

इंजिनाचीही तीच कथा. "इंजिन संपलंय, साहेब," हे वाक्य ऐकले नाही असा जुन्या गाडीचा मालक नसेल. फियाटचे १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन असे सहजासहजी संपत नाही. सिलिंडर झिजले तर त्यांना बोअर मारून थोडे मोठे पिस्टन बसवितात. तेही झिजले तर पुन्हा. आणि अखेरीस आत स्लीव्ह घालून ते मूळ मापावर आणतात. हे ज्ञान गुप्त नाही. तालुक्याच्या गावातले मिस्त्री ते वर्षानुवर्षे करीत आले. परंतु दुसऱ्या गाडीचे तयार इंजिन उचलून आत बसविणे सोपे, लवकरचे आणि अधिक किफायतीचे; शिवाय जुने इंजिन वजनावर विकून वरचे पैसे मिळतात ते निराळेच!

या ठिकाणी थोडा इतिहास आठवावा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बांधण्यास प्रारंभ केला, त्या सुमारास सरकारने असे धोरण आखले की जे येथे खरोखर मोटारी घडवतील त्यांनीच राहावे. केवळ सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना येथे स्थान नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स या बलाढ्य अमेरिकन कंपन्या त्यानंतर येथून निघून गेल्या. मागे राहिल्या त्या अँबॅसॅडर, फियाट आणि स्टँडर्ड अशा मोजक्या गाड्या. गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव लावून वाट पाहावी लागे. मिळालेली गाडी मोडली म्हणून टाकून देणे कोणालाच परवडत नसे. या टंचाईतून आपल्याकडे दुरुस्तीची एक थोर विद्या निपजली. बेळगावचा, म्हापशाचा, इंदूरचा मिस्त्री परदेशी पुस्तक न वाचता मडगार्ड ठोकून घडवी, बुश कातून काढी, न मिळणारा भाग आपल्या हाताने निर्माण करी. ती टंचाई गेली याचे दुःख कोणी करू नये. परंतु टंचाईबरोबर ती विद्याही चालली आहे, आणि तिला अखेरचा आश्रय देऊ शकणारा धंदा जर कोणता असेल तर तो हाच, जुन्या मोटारींच्या जीर्णोद्धाराचा. या धंद्यानेच जर हातोडी टाकून लांबीचा डबा उचलला, तर त्या मिस्त्रीच्या मुलाने बापाची विद्या कशासाठी शिकावी? माझ्या दृष्टीने या साऱ्या वादातील खरी हानी ही आहे. गाडी एक गेली तर दुसरी मिळेल. हात गेला तर मिळणार नाही.

आता आक्षेपांकडे वळू. मी हे विचार बोलून दाखविले तेव्हा जे आक्षेप ऐकले ते येथे प्रामाणिकपणे मांडतो.

पहिला आक्षेप असा: "गाडी माझी, पैसा माझा, मी तिला लाल करीन नाहीतर निळी, तुम्ही कोण विचारणारे?" मान्य आहे. मालकाच्या हौसेला माझा विरोध नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सिंगर नावाचा कारखाना २००९ पासून जुन्या पोर्शे ९११ घेऊन त्यांना संपूर्ण नवा साज चढवितो. पण आपण त्या गाडीची नव्याने कल्पना केली असे तो उघड सांगतो. त्या गाड्या आवडोत वा न आवडोत, पाहणाऱ्याची दिशाभूल होत नाही. आपल्याकडच्यांनी एवढेच करावे. आणि मालकाने गाडी रूपांतरासाठी निवडताना एवढे पाहावे, की एकाच घरात, एकाच कागदपत्रांसह साठ वर्षे राहिलेली गाडी या हौसेचा बळी होऊ नये. कुजून नुसते कवच उरलेल्या गाड्या हवी ती हौस भागविण्यास पुष्कळ आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो असा, की ज्या राजेरजवाड्यांच्या गाड्यांचे आपण गोडवे गातो त्या तर मुळातच रूपांतराची अपत्ये होत्या. इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांची केशरी-काळी ड्यूझनबर्ग घ्या. तिचा सांगाडा आणि इंजिन अमेरिकेतील इंडियानापोलिसचे, आणि शरीर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी महाराजांच्या फर्माइशीप्रमाणे घडविलेले. हैदराबादच्या निजामासाठी केलेली १९१२ ची पिवळी रोल्स-रॉइस, जी आज तेथल्या चौमहल्ला राजवाड्यात आहे, तिच्यात तर बैठकीच्या जागी सिंहासन. मग आम्ही आमच्या गाडीत रुंद चाके घातली तर काय बिघडले? याचे उत्तर सरळ आहे. त्या काळी मोठे निर्माते नुसता सांगाडा आणि इंजिन विकत. त्यावर शरीर कोणते चढवायचे ते मालक आणि कारागीर मिळून ठरवीत. तेथे कोरी पाटी होती. तिच्यावर जे लिहिले ते पहिलेच अक्षर होते, आणि लिहिणाऱ्याने त्याखाली आपले नाव घातले. आज जे चालले आहे ते लिहिलेल्या पाटीवर पाणी फिरवून दुसरे लिहिणे आहे, आणि वर तेच मूळ अक्षर म्हणून दाखविणे आहे.

तिसरा आक्षेप तर्कशास्त्र्यांचा. "प्रत्येक भाग कधी ना कधी बदललाच जातो, मग मूळ गाडी म्हणजे काय?" हा प्रश्न १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे खरोखरच आला होता. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ जिंकणारी 'ओल्ड नंबर वन' ही बेंटली एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला; नंतर घेणाराने व्यवहार नाकारला, कारण त्या विजयी गाडीचे फारच थोडे भाग त्या गाडीत उरले होते. न्यायमूर्ती ऑटन यांनी निर्णय दिला तो मार्मिक आहे. गाडी 'मूळ' म्हणता येणार नाही, असे त्यांनी मानले. परंतु तिचे आयुष्य कधी खंडित झाले नाही, प्रत्येक बदल तिच्या चालत्या इतिहासाचा भाग म्हणून झाला, म्हणून ती 'अस्सल' आहे. काही लोक या निर्णयाचा दाखला देऊन म्हणतात, पाहा, सारे बदला तरी चालते! मी त्यांना म्हणतो, निर्णय पुन्हा नीट समजून घ्या. त्या गाडीला तारले ते तिच्या अखंड आणि ज्ञात इतिहासाने. कोणता भाग केव्हा गेला आणि का गेला हे सांगता येत होते. तुमच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीचे हे सांगणारे एक तरी चिटोरे तुमच्याजवळ आहे काय?

चौथा आक्षेप व्यवहाराचा. "लोकांना चकाकी हवी असते. झिजलेली गाडी प्रदर्शनात कोण पाहणार?" कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून जुन्या मोटारींची स्पर्धा भरते, तिच्याइतकी नामांकित स्पर्धा क्वचितच असेल. तेथे दशकानुदशके आरशासारख्या चकाकणाऱ्या गाड्यांनीच सर्वोच्च बक्षिसे नेली. परंतु ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील सर्वश्रेष्ठ गाडीचा मान १९३४ च्या एका बुगाटीला मिळाला, आणि ती जतनाच्या वर्गातील होती. जुना, उडालेला, तडकलेला रंग अंगावर तसाच राखून आलेली. त्या स्पर्धेच्या इतिहासात असे प्रथमच घडले. ज्यांच्याकडून आपण चकाकीचा हा हव्यास उसना घेतला ते शहाणे होऊ लागले. आपण मात्र त्यांच्या कालच्या चुकीला आजची फॅशन समजत आहोत.

पाचवा आक्षेप आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात असेल. "ही सारी श्रीमंतांची खेळणी. संस्थानिकांच्या चैनीचे अवशेष राहिले काय आणि गेले काय, आम्हा कष्टकरी माणसांना त्याचे काय?" संस्थानिकांच्या गाड्यांची चिंता करणारे पुष्कळ आहेत. जानेवारी २०२३ मध्ये वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात अशा गाड्यांचा मोठा मेळा भरला होता. माझी तळमळ दुसऱ्याच गाड्यांसाठी आहे. १९६१ पूर्वीच्या गोव्यात परदेशी मोटारी सहज येत, आणि मुक्तीनंतर कित्येक वर्षे मर्सिडीज गाड्या तेथे भाड्याच्या टॅक्सी म्हणून धावत. किती वऱ्हाडे, किती जत्रेकरू त्यांतून गेले असतील! मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आमच्या फियाटचीच वंशज, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस टॅक्सी म्हणून रस्त्यावरून कायमची उतरली. या गाड्यांना राजवाडा नाही, संग्रहालय नाही, संरक्षक नाही. त्या आमच्यासारख्यांच्या पडवीत, गोठ्यात, चिंचेखाली उभ्या आहेत. त्यांच्या अंगावर डॉक्टरांच्या, मास्तरांच्या, टॅक्सीवाल्यांच्या आयुष्याच्या खुणा आहेत. राजाची गाडी बिघडविली तर चार विद्वान लेख लिहितील. आमची बिघडविली तर कोणाला पत्ताही लागणार नाही. म्हणूनच ही चिंता आमची आहे.

नुसती टीका करून थांबणे योग्य नव्हे. माझ्या मागण्या थोड्या आहेत, आणि त्यांतील एकीलाही फार पैसा लागत नाही.

कारखान्याने काम हाती घेण्यापूर्वी गाडीची चहू बाजूंनी, आतून व खालून छायाचित्रे घ्यावीत आणि काय करणार ते लिहून द्यावे. काम संपल्यावर काय केले ते लिहून द्यावे, आणि ती वही गाडीबरोबर राहावी. काढलेला प्रत्येक भाग, मग तो कितीही निरुपयोगी दिसो, पेटीत घालून मालकाला परत करावा. तो भंगारात घालण्याचा अधिकार मालकाच्या लेखी संमतीवाचून कोणासही नसावा. नव्या भागावर बारीकशी पण न पुसणारी खूण असावी. सुरक्षिततेसाठी पट्टे, दिवे, चांगले टायर अवश्य घालावेत. जीव गाडीपेक्षा मोठा आहे. परंतु ते असे घालावेत की उद्या काढले तर मूळ पत्र्याला भोक राहू नये. रूपांतर केले तर पावतीवर 'रूपांतर' असाच शब्द लिहावा. आणि प्रत्येक कारखान्याने एका तरी जुन्या पत्राकामाच्या मिस्त्रीला मानाने ठेवून त्याच्या हाताखाली दोन तरुण मुले द्यावीत.

मालकांसाठी मागणी एकच आहे. कारखान्याच्या दारात उभे राहून 'नव्यासारखी करून द्या' असे कधीही म्हणू नका. 'काय काय वाचवता येईल?' असे विचारा. या एका प्रश्नाचे उत्तर कसे येते यावरूनच समोरचा माणूस कारागीर आहे की रंगारी हे तुम्हाला कळेल.

गेल्या दिवाळीत मी लाल गाडीचा पुढचा फळा स्वतः उघडला. एक तार सुटली होती. दिव्याच्या उजेडात आत पाहिले, तर फळ्याच्या मागे, जेथे कारखान्याची रंगाची पिचकारी पोहोचली नव्हती, तेथे तळहाताएवढा फिकट हिरवा रंग शिल्लक होता. मी बहिणीला हाक मारली. तिने वाकून पाहिले, बोट लावले, आणि म्हणाली, "ही आपली."

तेवढा तुकडा मी आता कोणालाही रंगवू देणार नाही. तुमच्या पडवीतल्या गाडीवर तो अजून पुरा अंगभर असेल. तिला कारखान्यात धाडण्यापूर्वी एकदा तिच्याभोवती फेरी मारा.